बाय, तुजो आवाज बरो!

माझं माहेर डिचोली आणि सासर पेडणे. धंदा आवाजाचा. जाहिरात, माहितीपट, फोनवरचं "आपण रांगेत आहात", जिथे लागेल तिथे मी आवाज देते आणि त्याचे पैसे घेते. आवाज देते इथपर्यंत गावात सगळ्यांना पटतं. पैसे घेते म्हटलं की समोरची बाई पदराने तोंड पुसून विचारते, "पयशे? उलोवपाचे?"

तिचं तरी काय चुकलं? या दोन तालुक्यांत आवाज विकायला बसणं म्हणजे मालवणात सुके बांगडे विकायला नेणं. इथे दर वाड्यावर देऊळ, दर देवळाची जत्रा आणि दर जत्रेला नाटक. दिवाळी सरली की दशावतारी कंपन्या सीमा ओलांडून पेडण्यात उतरतात. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर. हातात लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं आणि मध्यरात्री राजा एका बाकड्यावर बसून अख्खं राज्य चालवायला लागतो. पहाटेपर्यंत तो जे मराठी बोलतो त्यात ना अडखळणं, ना रिटेक, ना कोमट पाण्याचा थर्मास. मी आठ ओळींच्या साबणाच्या जाहिरातीआधी ज्येष्ठमध चघळते, हे मी पेडण्यात कुणाला सांगितलेलं नाही.

शिवाय दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात. त्यामुळे जगात इतर ठिकाणी स्त्रीच्या आवाजाला निदान बायकांशीच स्पर्धा असते, मला इथे मिशी काढलेल्या पुरुषांशी आहे. एका लघुपटासाठी घरी विलाप रेकॉर्ड करत होते. बाहेर ओट्यावर सासूबाई आणि त्यांची शेजारीण ऐकत होत्या. मी घामाघूम होऊन बाहेर आले तेव्हा शेजारीण सहानुभूतीने म्हणाली, "बरें केलें गो बाय. पूण आमच्या जत्रेक तारामती जाता मगो, तो रडटा तशें ना." तो दिवसा ट्रक चालवतो.

हे झाले व्यावसायिक. हौशी नट मोजायला बसायचं तर मतदार यादीच उघडावी लागेल. कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा, देवळांच्या उत्सवांतली नाटकं, शाळांची स्नेहसंमेलनं यांतून इथला प्रत्येक माणूस एकदा तरी रंग लावून गेलेला असतो. एकदा मी एका संस्थेच्या साहेबांकडे कामासाठी गेले. ठेव योजनेची जाहिरात होती. माझा नमुना त्यांनी अर्धा ऐकला, मोबाइल बंद केला आणि म्हणाले, "आवाज बरा आहे, पण जरा पोटातून यायला हवा. मी संभाजी केलेला आहे." मग त्यांनी ती ठेव योजना मला पोटातून वाचून दाखवली. व्याजदराच्या ओळीवर तर त्यांनी डोळे असे फिरवले की शिपाई आत डोकावून गेला. शेवटी टाळ्या मीच वाजवल्या. जाहिरात त्यांनी स्वतःच्याच आवाजात केली, आणि खरं सांगायचं तर ठेवी आल्या.

नवीन गिऱ्हाईक कसं मिळवावं याचे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यातले गुरुजी सांगतात, अनोळखी माणसाला फोन करा, अर्ध्या मिनिटात स्वतःची ओळख करून द्या, मग थेट मुद्द्यावर या. हे गुरुजी कधी पेडण्यात आलेले नाहीत. इथे अनोळखी माणसाला फोन करायचा तर आधी तो अनोळखी सापडला पाहिजे. मी नाव सांगते. पलीकडून पहिला प्रश्न, "कोणाची सून गो तूं?" मी घराचं नाव सांगते. मग कुठल्या वाड्यावरचं घर, माडांकडचं की चढावावरचं. मग माहेर. डिचोली म्हटल्यावर डिचोलीत कुठे, बोर्डेत की गावकरवाड्यावर. मग त्यांची एक आत्या तिथेच दिलेली असते. पाच मिनिटांत नातं लागतं, आणि नातं लागलं की रेट गेला. "आमचीच मगो तूं" हे वाक्य ऐकलं की मी बिलाची वही मिटते.

यावर तोड म्हणून मी ठरवलं की पेडण्याची कामं माहेरच्या नावाने घ्यायची आणि डिचोलीची सासरच्या. फार दिवस टिकलं नाही. टिकणार कसं? आमच्याकडे सात बहिणींची कथा सगळ्यांना पाठ आहे. लईराई शिरगावला, केळबाय मुळगावला, महामाया मयेला, ही झाली डिचोलीची बाजू. मोरजाई मात्र मोरजीला, म्हणजे पेडण्यात. दोन तालुक्यांच्या देवीच जिथे सख्ख्या बहिणी, तिथे माणसांत परकं कोण सापडणार?

तरीही गिऱ्हाईक असतं, आणि सगळ्यांत नियमित गिऱ्हाईक म्हणजे भोंगेवाली रिक्षा. जत्रा, नाटक, आरोग्य शिबिर, भांड्यांचा सेल, भजनी मेळा, सगळं आमच्याकडे आधी रिक्षातून कळतं. बुधवारी डिचोलीचा बाजार, गुरुवारी पेडण्याचा, या दोन दिवशी तर भोंगे एकमेकांना क्रॉस होतात. रिक्षावाल्याला आवाज ठणठणीत लागतो आणि पेन ड्राइव्हमध्ये लागतो. बाकी त्याच्या अटी नाहीत.

या कामात एक शास्त्र आहे, ते कुठल्याही गुरुजींच्या व्हिडिओत नाही. रिक्षा घरासमोरून जाते ती सात-आठ सेकंदांत. माझी घोषणा असते पाऊण मिनिटाची. म्हणजे कुठल्याच घराला पूर्ण घोषणा ऐकू येत नाही, प्रत्येक घराच्या वाट्याला तिचा एकेक तुकडा येतो. माझी पहिली घोषणा वाड्यावरून फिरली तेव्हा वरच्या घराला "सालाबादप्रमाणे यंदाही" मिळालं, मधल्या घराला मंडळाच्या अध्यक्षांचं नाव मिळालं आणि आमच्या घराला "तरी सर्वांनी" एवढंच आलं. नाटक कुठलं आणि कधी, हे फक्त त्या घराला कळलं ज्याच्यासमोर रिक्षा म्हशींनी अडवली होती. तेव्हापासून मी आयोजकांना सांगते, तारीख प्रत्येक वाक्यात घाला आणि अध्यक्षांना म्हशींवर सोडा. तारखेचं ऐकतात. अध्यक्षांचं नाव मात्र अजून तीनदा येतं, कारण पैसे तेच देतात.

दुसरं गिऱ्हाईक विमानाने आलं. 11 डिसेंबर 2022 रोजी मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, 5 जानेवारी 2023 पासून विमानं उतरू लागली, आणि त्यांच्या पाठोपाठ आमच्या काजूच्या बागांवर ड्रोन उडू लागले. व्हिला विकायचे म्हणजे फिल्म हवी, फिल्म म्हणजे आवाज हवा. मला वाटलं, आता दिवस फिरले. दिल्लीहून फोन आला. गृहस्थ अतिशय सभ्य. त्यांना हिंदीत आवाज हवा होता, पण "गोवन टच" पाहिजे होता. मी माझ्या नेहमीच्या बोलण्याने वाचून पाठवलं. त्यांचा निरोप आला, "आवाज छान आहे, पण तुम्ही गोव्याच्या वाटत नाही."

पेडण्याच्या उंबरठ्यावर उभं राहून मी हे ऐकत होते. समोर तुळस, मागे सासूबाई. त्यांना हवा होता हिंदी सिनेमातला गोवा, जो सकाळी नऊला झिंगलेला असतो आणि प्रत्येक वाक्याला "मॅन" लावतो. आमच्याकडे सकाळी नऊला माणूस जास्तीत जास्त पेज जेवून झिंगलेला असतो. शेवटी ते काम मुंबईच्या एका मुलाने केलं. तो गोव्याला कधी आलेला नव्हता, त्यामुळे त्याला ते छान जमलं.

किनाऱ्याकडचं गिऱ्हाईक त्यापेक्षा उदार. मोरजीत दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत आहेत, हरमलला योगाचे वर्ग आहेत. तिथल्या एका गोऱ्या साधकाला ध्यानासाठी आवाज हवा होता. भाषा कुठलीही चालेल, अर्थ नको, अर्थाने ध्यान विचलित होतं, पण आवाज प्राचीन हवा. मी विचारलं, मजकूर? म्हणाला, मनातून येईल ते. माझ्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती, परतीची कदंबा बस चुकणार ही. मी डोळे मिटले आणि खर्जात सुरू केलं. पेडणे... मालपें... धारगळ... कोलवाळ... म्हापसा. प्रत्येक थांब्यानंतर एक दीर्घ श्वास. कोलवाळला त्याचे डोळे भरून आले. म्हापशाला त्याने हात जोडले. पैसे तिथल्या तिथे दिले, रोख, आणि एक नारळही दिला. युरोपात कुठेतरी आज लोक मांडी घालून राष्ट्रीय महामार्ग 66 वरून अंतर्मुख प्रवास करत असतील, आणि कुणालाही सुट्टे पैसे मागितले जात नसतील.

डिचोलीकडची कथा निराळी. तिथे आवाजाला काम दिलं ते खाणींनी. खाणींचा सुरक्षा सप्ताह असतो. त्यात नाटुकली होतात, सूचना वाजतात. हेल्मेट घाला, टिप्परच्या मागे उभे राहू नका, भोंगा झाल्यावर खड्ड्यात थांबू नका. काम चोख, मजकूर छोटा. पण 2012 साली खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या त्या 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रकवाल्यांचे हाल सगळ्यांनी लिहिले, ते लिहायलाच हवे होते. टिप्परच्या मागे उभे राहू नका असं सांगणाऱ्याचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. टिप्परच नाही तर मागे उभं कोण राहणार? 2024 साली डिचोलीचा खाणपट्टा पुन्हा हलू लागला तेव्हा गावात धुळीवरून वाद पेटला. मी दोन्ही बाजूंना माझं कार्ड दिलं. आंदोलनालाही भोंगा लागतोच.

आता माझ्या स्टुडिओविषयी. तो म्हणजे मागच्या खोलीतलं सागवानी कपाट. त्यात आतून गोधड्या ठोकल्या आहेत, माइक टांगला आहे, आणि मी आत बसून दार ओढून घेते. मुंबईच्या कोऑर्डिनेटरला मी त्याला "बूथ" म्हणून सांगते. सकाळी काम करावं तर पाववाल्या पोदेराचा पों-पों. दुपारी सड्यावरचे मोर. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस असा कोसळतो की आतलं माणूस जाहिरात करतंय की बुडतंय ते कळत नाही. आणि मोपामुळे आता विमान. एका शाम्पूच्या जाहिरातीत "केस रेशमासारखे" म्हणताना वरून विमान गेलं. क्लायंटला वाटलं मी इफेक्ट टाकला आहे. त्याने तो ठेवला.

पण तक्रार करायला तोंड नाही, कारण या धंद्याचा इथला इतिहासच आडरानातला आहे. आकाशवाणी पणजीची गोष्ट सगळे सांगतात. पोर्तुगीज अमलात 1946 साली एमिसोरा दे गोवा सुरू झालं आणि मुक्तीनंतर त्याचंच पणजी केंद्र झालं. डिचोलीतल्या माझ्या आईच्या लेखी मी तिथे बोलते तेवढंच माझं काम. बाकीचं सगळं "कॉम्प्युटरवर काहीतरी." पण मला जास्त जवळचं वाटतं ते दुसरं केंद्र. 1955 च्या नोव्हेंबरपासून 1961 पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवा मुक्तीसाठी गुप्त रेडिओ चालवला. आधी आंबोलीच्या जंगलातून, मग कॅसलरॉकहून. आंबोली म्हणजे आमच्या उत्तरेचा डोंगर. पावसाळ्यात तिथे काय पाऊस पडतो हे ज्याने पाहिलंय त्याला कळेल की गोधडीच्या कपाटात बसून मी कशाची तक्रार करते आहे. पगार नाही, नाव नाही, श्रोता पकडला गेला तर तुरुंगात. आणि 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तेव्हा हीच दोघं विमानात बसून गोव्यावरून भोंग्याने सांगत फिरली. लिबियाबाईंना 2025 साली पद्मश्री मिळाली. आमच्या धंद्यात विमानातल्या त्या घोषणेहून मोठी घोषणा झालेली नाही, आणि तिचा नमुना आधी फुकट पाठवा असं कुणी म्हणालं नाही.

नमुना फुकट, हा मुंबईचा नियम. त्याला तिकडे स्क्रॅच म्हणतात. तुम्ही पूर्ण जाहिरात वाचून पाठवायची, ती क्लायंट ऐकणार, त्याची बायको ऐकणार, मग आवडलं तर पुन्हा वाचायचं. न आवडल्यास काहीच कळत नाही, फक्त काही दिवसांनी टीव्हीवर तीच जाहिरात दुसऱ्याच्या आवाजात लागते आणि तुमचा श्वास जिथे पडला होता नेमका तिथे त्याचाही पडतो. 2021 च्या 'पुष्पा'ला हिंदीत श्रेयस तळपदेने आवाज दिला तेव्हापासून गावात निदान एवढं कळलं की पडद्यावर एक आणि बोलणारा दुसरा असतो. आता दक्षिणेचे सिनेमे मराठीत येतात, शेमारू मराठीबाणावर रोज लागतात. मीही त्यात आहे. गर्दीत. बाजार पेटतो तेव्हा "अगं बाई, पळा" म्हणणारी जी बाई दिसत नाही, ती मी. सासूबाईंनी ते सगळ्या वाड्याला दाखवलं. "ती खंय दिसता?" कुणी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "पळाली मगो."

पैशांचं म्हणाल तर पेडण्यात त्याला दैवी आधार आहे. कोजागरीच्या रात्री पेडण्याची पुनव असते. भूतनाथ देव हट्टाला पेटतो की मला एका रात्रीत देऊळ बांधून द्या, आणि रागाने रानाकडे धावतो. मग भक्त त्याला अडवतात, विनवतात, सांगतात, "सायबा, आज बांधतां, फाल्यां बांधतां." देव शांत होतो, परत येतो. पुढच्या कोजागरीला पुन्हा तेच. वर्षानुवर्षं. मी बिलासाठी फोन करते तेव्हा पलीकडून जे "आयज घालतां, फाल्यां घालतां" येतं, ते ऐकून मला आता राग येत नाही. प्रत्यक्ष देवाची वसुली झालेली नाही, माझं तर नुसतं एका व्हिडिओचं बिल आहे. फक्त देवाला रानाकडे धावायची सोय आहे. मी धावले तर सड्यावर आता व्हिलाचं कुंपण आहे.

अलीकडे भाचरं मोबाइल घेऊन येतात. "मामी, हें पळय." आणि मोबाइल बोलू लागतो. बाई, बुवा, म्हातारा, हवं ते. न थकता, न ज्येष्ठमध चघळता. एका जत्रेची घोषणा कुणीतरी त्याच्याकडून करून घेतली. उच्चार ठीक, पण जत्रेचं आमंत्रण त्याने असं दिलं जणू गृहकर्जाचा हप्ता थकला आहे. गावकरी देवळात आले ते जरा दबकतच. बड्या मंडळींचे आवाजही हे यंत्र चोरतं. अरिजित सिंग 2024 साली मुंबई उच्च न्यायालयात गेला, 2025 साली आशाबाई गेल्या, आणि दोघांच्याही आवाजाला न्यायालयाने संरक्षण दिलं. नवऱ्याने वर्तमानपत्र पुढे करून विचारलं, "तुझा कुणी चोरला तर?" मी म्हटलं, आलाच कुणी तर त्याला आधी चहा दे. मागणी कुठून आली ते विचारू.

मागणी शेवटी पंचायतीतून आली. कचऱ्याच्या गाडीवर लावायला आवाज हवा होता. ओला कचरा अमुक वारी, सुका कचरा तमुक वारी, प्लॅस्टिक वेगळं करा, बाटल्या फोडू नका. सचिवांना माझं काम माहीत होतं, नातं लागत नव्हतं (ते सासष्टीचे), आणि पैसे चेकने मिळणार होते. मी ते मनापासून केलं. आवाजात जिव्हाळा ठेवला, "फोडू नका"ला किंचित हसले. गाडी गावागावांत फिरली, शेजारच्या पंचायतींनीही तेच रेकॉर्डिंग मागून नेलं. माझा आवाज आज कोरगावपासून मोरजीपर्यंत माहीत नाही असं घर नाही. सकाळी साडेसातला मी दारात येते आणि लोक पिशव्या घेऊन धावत बाहेर पडतात. एवढा प्रतिसाद तारामतीलाही कधी मिळालेला नाही.

अडचण एकच झाली आहे. परवा एका मोठ्या रिसॉर्टच्या मॅनेजरला फोन केला. त्यांना फोनवरच्या स्वागताचा आवाज हवा आहे असं कळलं होतं. मी गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे श्वास घेतला, हसू आवाजात आणलं आणि म्हटलं, "नमस्कार, मी बोलतेय..."

पलीकडे एक क्षण शांतता. मग तो गृहस्थ फोन बाजूला धरून आत ओरडला, "गो, गाडी आयली! आयज ओलो काय सुको?"